फायबरच्या बोटीतलं सागवान

सहा वर्षं मी घरी खोटं सांगत होते. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसते, फोन घेते, पत्रं टाइप करते, असं आईबाबांना सांगितलं होतं. कारखाना खरा होता, ऑफिस खोटं. आमच्याकडे फायबरच्या वस्तू बनत. रसायनांच्या टाक्या, मोठ्या पंख्यांची झाकणं, अधूनमधून लहान होड्या. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, ओतून रोलर फिरवायचा, हे माझं काम. पुढे मी त्याच खात्याची सुपरवायझर झाले.

खोटं बोलायचं कारण बाबा. ते सातपाटीत होड्या बांधणारे सुतार. माझ्या लहानपणी बंदराच्या बाजूला त्यांच्या हातची एखादी अर्धी झालेली होडी उभी असायचीच. मग लहान होड्या फायबरच्या यायला लागल्या आणि बाबांकडे डागडुजी, केबिनची दारं, लोकांच्या घरच्या खिडक्या एवढंच उरलं. त्यांनी कधी कुरकूर केली नाही. पण ज्यानं त्यांचं काम गेलं तेच मी रोज करते, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

गेल्या वर्षी केळव्याच्या बाजूला रिसॉर्ट असलेल्या एका गिऱ्हाइकानं आमच्या शेठकडे मोटरबोट मागितली. पाच माणसांची, जुन्या पद्धतीची, लांब नाकाची. बाहेरचं अंग फायबरचं चालेल, पण आत बसल्यावर जुन्या बोटीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे, अशी त्याची अट. शेठनी आधी लाकडाच्या रेषा छापलेल्या फायबरची सीट करून दाखवली. गिऱ्हाइकानं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे हॉटेलातल्या टेबलासारखं लागतंय."

शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही सातपाटीच्या ना? बोटीचं काम करणारा सुतार बघून आणा."

रविवारी मी बंदरावर दोघा जुन्या सुतारांना विचारलं. दोघंही हसले. "तुज्या बापाला सोडून आमाला काय विचारतेस?"

तशीच घरी गेले. बाबा ओट्यावर रंध्याचं पातं घासत होते. आई शेजारी सुके बोंबील निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "बाबा, मी ऑफिसात नाय बसत. फायबरचं काम करते. होड्यापन करते."

बाबांचा हात थांबला नाही. आई मात्र हसायला लागली. "आमाला म्हाईत हाय गो, पयल्या महिन्यापासून. तुजे कपडे सगल्यांच्या कपड्यांत धुतले नि दुसऱ्या दिशी अख्खं घर अंग खाजवत बसलं. तुजे बाबाच बोलले, ही फायबरची कूस हाय, काचेची बारीक. तवापासून तुजे कपडे मी वायले धुते."

"मग बोलला का नाय तुमी?"

"तू ऑफिस ऑफिस करत होतीस," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुला सांगायचं नाय. मंग कशाला विचारायचं?"

"राग नाय आला?"

"कोनावर? तुज्या मामानं फायबरची होडी घेतली नि त्याची दर वर्साची डागडुजी सुटली. ते काय मला दिसत नाय?" पातं बोटानं तपासून त्यांनी बाजूला ठेवलं. "बोट कदी दाखवतेस?"

मी पायरीवर बसले. रडू येतंय की हसू, कळेना. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी बाबा कारखान्यात आले. रेझिनचा वास सोसेना म्हणून तोंडाला रुमाल बांधला, बोटीत उतरले, जागोजाग बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. तळाला प्लायवूड टाकून वरून फायबरनं बंद करायचं, असं आमच्या ड्रॉइंगमध्ये होतं. बाबांनी मान हलवली.

"लाकूड असं कोंडू नका. खिळ्याच्या भोकातून पानी आत शिरनार, बाहेर यायला वाट नाय. वरून चकचकीत, आतून भुसा."

"मग सगळं लाकडाचं करायचं?" शेठनी विचारलं.

"नाय. तळ पुरा फायबरचा. तिथं पानी साचनारच. मानूस बसतो, हात टेकतो, तिथं साग. उन्हात फायबर चटका देतं."

मला वाटलं होतं, ते सगळीकडे लाकूडच मागतील.

पुढचे तीन आठवडे आम्ही एकाच बोटीत काम केलं. ते पुठ्ठा कापून सीटची मापं काढत, फळ्यांमध्ये वारा जायला फट ठेवत. स्क्रूचं प्रत्येक भोक आधी माझ्याकडून रेझिननं भरून घेत आणि मगच स्क्रू पिळत. एकदाच आमचं वाजलं. मागची सीट त्यांनी जाड फळीची धरली होती. मी म्हटलं, मागे आधीच इंजिनचं वजन आहे, बोट मागून दबेल. ते ऐकेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि फळी रंधा मारून पातळ केली.

भरतीला बोट केळव्याजवळच्या खाडीत सोडली. एका बाजूला कलली तर सगळंच काढावं लागणार होतं. ती पाण्यावर सरळ बसली. गिऱ्हाईक आत उतरला, कडेच्या सागावर हात टेकून बसला आणि त्यानं इंजिन चालू करायला सांगितलं.

परतताना रिक्षात बाबांनी विचारलं, "पावसाल्यात ते रेझिन सुकतं कसं गो? हवा तर ओली असते."

मी सांगायला लागले. ते मध्येमध्ये आणखी विचारत राहिले, आणि पालघर आलं तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं.