मागची सीट

गोल्फ कार्ट सुरू करण्याआधी ज्ञानोबाअण्णा तिला एक फेरी मारत आणि मागच्या सीटवर कोण बसलंय ते निरखून पाहत. चाकणला आमच्या कंपनीचे दोन प्लांट, मधून हायवे. पॅकिंगच्या बायकांना पलीकडे न्यायला ही बॅटरीवरची गाडी, आणि अण्णा तिचे ड्रायव्हर. मूळचे इथलेच शेतकरी. घाई करणाऱ्याला म्हणत, "बैल काय नि बॅटरी काय, दम खाऊ द्यावा लागतो, राव."

एके सकाळी त्यांनी डिव्हायडरच्या फटीतून गाडी न्यायला साफ नकार दिला. सेफ्टी ऑफिसर म्हणून त्या मार्गाला मंजुरी मी दिली होती, तीही नकाशा बघून. प्लांट हेड त्यांना घरी बसवायची भाषा करू लागले. अण्णा जागचे हलले नाहीत. अर्धा हायवे ओलांडला की गाडीला त्या फटीत थांबावं लागे. त्यांनी बैलाच्या कासऱ्याने तिथली डिव्हायडरची रुंदी मोजून आणली, आवारात तेवढ्याच अंतरावर खडूने दोन रेघा मारल्या आणि मधे गाडी उभी केली. मग साहेबांना मागच्या सीटवर बसायची विनंती केली.

ती सीट उलट्या तोंडाची. साहेबांचे गुडघे रेघेच्या बाहेर आले. अण्णांनी आमचाच एक ट्रक रेघेला धरून सावकाश आणायला सांगितला. तो दहा पावलांवर असतानाच साहेबांनी पाय वर घेतले.

"तुमी पाय वर घेतलं, सायेब," अण्णा म्हणाले. "त्या बाया कशा घेतील? मांडीवर डबं असत्यात."

हा मार्ग मंजूर कोणी केला, असं साहेबांनी विचारलं तेव्हा माझी नजर खडूच्या रेघांवर गेली. अण्णा कासरा गुंडाळत होते. "ते ऱ्हाऊ द्या. हायवेखाली वढ्याची मोरी हाय, आमच्या बैलगाड्या जायच्या तितनं. ती कवा मोकळी करताय ते सांगा."

परवानगीसाठी मी सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले. मोरीतला राडारोडा निघाला, दिवे लागले. या नव्या मार्गाच्या मंजुरीवर सही करण्याआधी मी मागच्या सीटवर बसून चार फेऱ्या मारल्या. आता बायका गप्पा मारत हायवेखालून जातात, आणि ते बघून मला अजून बरं वाटतं.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी मी धीर करून सांगितलं, की त्या जुन्या मार्गाच्या मंजुरीच्या कागदावर सही माझी होती.

"म्हाईत हाय. गाडीतच चिकटवला व्हता की तो. रोज वाचायचो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमाला काढलं असतं, तर मोरीचं कागद कुणी केलं असतं?"