सासूबाईंची एक फाइल, सुनेच्या बारा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. पण हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागामागच्या खोलीत, एकाच टेबलाशी, सासू-सून चार वर्षं राहिल्या आणि रक्त काही सांडलं नाही. खोली केवढी, तर एकीने खुर्ची मागे सरकवली की दुसरीने उठून उभं राहायचं. भिंतीपलीकडे पाणी शुद्ध करणारं यंत्र दिवसभर घरघरायचं. त्यामुळे दोघी जरा मोठ्यानेच बोलत आणि नर्सना वाटे, झालं यांचं सुरू.

सासूबाई मूळच्या टायपिस्ट. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर शून्य. वहीतल्या वेळा रोज खोडून खोडून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा चाळिशी उलटल्यावर बाईंनी पीएचपी या संगणकाच्या भाषेचं जाडजूड पुस्तक आणलं आणि रुग्णांना वेळा देणारी वेबसाइट स्वतः लिहून काढली. बारा यंत्रं, साठ माणसं, प्रत्येकाच्या आठवड्याला तीन खेपा. एक खेप चुकली की माणसाच्या अंगात पाणी साचतं, धाप लागते. दोन चुकल्या तर बोलायलाच नको. आणि सोळा वर्षांत बाईंच्या फाइलीने एकाचीही खेप चुकवली नव्हती. पदव्या मिरवणाऱ्यांनी करून दाखवावं म्हणते मी.

पण ती फाइल म्हणजे अगदी बाईंसारखीच. एकच एक, चार हजार ओळींची. पहिल्या ओळीपासून निघायचं आणि शेवटच्या ओळीला पोचायचं, मधे जे जे लागेल ते क्रमाने. सून कॉलेजात शिकलेली, ऑब्जेक्टवाली. भाषा तीच, पीएचपीच, पण तिचं म्हणणं असं की रुग्ण ही एक वस्तू, यंत्र ही दुसरी, खेप तिसरी. प्रत्येकीने आपली माहिती आपल्यापाशी ठेवावी, आपलं काम आपण करावं. सासूबाईंनी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, घरातला प्रत्येक जण आपल्यापुरतं बघायला लागला तर उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस कोण बंद करणार? मुलगा हळूच बाहेरच्या खोलीत निघून गेला. तो बिचारा लग्न झाल्यापासून या वादात पडलेला नव्हता.

आता सासूबाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या आणि त्यांची फाइल त्यांच्याशिवाय कुणालाच धड वाचता येत नव्हती, सुनेलाही नाही. म्हणून विभागाच्या डॉक्टरबाईंनी सुनेला सगळं नव्याने लिहायला सांगितलं होतं. एक तारखेपासून नवीन सुरू. साठ माणसांच्या खेपा आता तिच्या माथी. वरवर ती ऐटीत होती, पण खोटं कशाला बोला, आतून तिची पाचावर धारण बसली होती.

चार दिवस उरले तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की तुझ्या बाराही फाइली कागदावर छापून दे. ही त्यांची जुनी रीत. कुठलाही बदल करण्याआधी सगळं छापून घ्यायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि एका खऱ्या रुग्णाला धरून मोठ्याने वाचत जायचं. सुनेने समजावलं की आई, तुम्हाला ऑब्जेक्ट येत नाहीत, काही कळायचं नाही. त्यावर बाई म्हणाल्या, येत नाहीत म्हणूनच वाचते.

धरलं ते मास्तरांना. मास्तर म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवारचे, चार नंबरच्या यंत्रावरचे, शाळेतून कधीच निवृत्त झालेले. पहिल्याच सोमवारी चार नंबर दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं, म्हणून त्या एका आठवड्यापुरतं त्यांना मंगळवारी बोलवायचं होतं. सासूबाईंचं बोट त्यांच्यामागून फाइलीफाइलींतून फिरलं. दुसऱ्या दिवशी, सातव्या फाइलीत, ते थांबलं.

"मास्तरांची नेहमीची खेप तू त्या आठवड्यासाठी नव्या नावात ठेवलीस आणि नव्या नावातला वार बदललास. जुनी तशीच राहिली कशावरून?"

सुनेला जरा हसूच आलं. तिने सांगितलं की ही ओळ तुमचीच आहे, सोळा वर्षं चाललेली म्हणून जशीच्या तशी उचललीय.

"माझ्याकडे साधी यादी होती. ती दुसऱ्या नावात ठेवली की वेगळी होते. तुझ्या ऑब्जेक्टचं तसंच असतं का गं?"

सुनेने कागद आपल्याकडे ओढला. तसं नसतं. ऑब्जेक्ट दुसऱ्या नावात ठेवला तर नक्कल होत नाही, त्याच एका वस्तूला दोन नावं मिळतात. हे तिने स्वतः चार जणांना शिकवलं होतं. तिने पुढचे तीन आठवडे चालवून पाहिले. मास्तर मंगळवारी, मंगळवारी, मंगळवारी. सोमवारच्या खुर्चीवर भलतंच नाव. म्हातारा सवयीने सोमवारी पिशवी घेऊन आला असता आणि खुर्ची नाही म्हणून परत गेला असता. तिने चाचणीत फक्त तो एकच आठवडा तपासला होता.

दुरुस्ती म्हणाल तर एका शब्दाची, खरी नक्कल काढायला सांगणाऱ्या. पण पोरगी सच्ची. स्वतः डॉक्टरबाईंकडे गेली आणि चूक माझी म्हणून सांगून टाकलं. डॉक्टरबाई घाबरून तिच्याबरोबर त्या खोलीतच आल्या. म्हणाल्या, राहू दे नवीन, जुनंच चालवू, आणि सासूबाईंनी निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस यावं. सासूबाईंपुढे आयतं ताट आलं होतं. सून खाली मान घालून उभी राहिली.

"माझ्या फाइलीतही चुका झाल्यात, बाई," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी छापून वाचत बसले म्हणून वेळेत सापडल्या. पण त्या सापडायला मीच लागायची. हिची चूक मला सापडली, मला हिच्यातलं ओ की ठो येत नसताना. प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या जागी होती म्हणून सापडली. आता तुम्हीच बघा काय ठेवायचं ते."

नवीन सुरू करायचं ठरलं. हे ऐकून सुनेला सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं, पण खोलीत तेवढी जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि जुनी फाइल पुसून टाक म्हणाल्या. सुनेचा हात होईना. तिने विनवलं की कोपऱ्यात कुठेतरी पडून राहू द्या, कुणाचं काय खाते.

"राहिली तर अडल्या वेळी तू तिच्याकडेच धावशील," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिच्यात अडकलीस तर बाहेर काढायला मी नसेन."

सुनेने फाइल पुसली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.