काका चारदा पडले

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट. मी इथे न्यू जर्सीत डोंगरावर स्कीचे बूट भाड्याने देतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पार्सिपनीचे एक काका आले होते. मुलगा त्यांच्या हातात थर्मास देऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही इथेच बसा हं," आणि वर गेला. तो दिसेनासा होताच काका माझ्या काउंटरवर हजर. "मलाही दे रे एक जोड."

मी वय विचारलं.

"पासष्ट लिही."

"काका, खरं सांगा. स्कीची पकड किती घट्ट ठेवायची ते वय-वजनावर ठरतं. पडलात की स्की पायातून सुटली पाहिजे."

"म्हणजे माणूस पडणार हे धरूनच चालता तुम्ही?"

"सगळेच पडतात, काका."

काकांनी थर्मास काउंटरवर ठेवला. "बहात्तर. मागे बाथरूममध्ये घसरलो, तेव्हापासून मला एकट्याला कोपऱ्यापर्यंतही सोडत नाहीत."

मी त्यांना बूट देऊन नवशिक्यांच्या क्लासला धाडलं; तिथे पहिला धडाच पडून उठायचा. काका दोन गोऱ्या आज्यांबरोबर बर्फात लोळत खो-खो हसत होते. तेवढ्यात मुलगा खाली आला. "बाबा! पडलात?"

"पडलो की! चारदा!"

मुलगा आधी चिडला, मग फोन काढून म्हणाला, "परत पडा, व्हिडिओ घेतो."

शिफ्ट संपल्यावर मी गावी माझ्या वडिलांना, अण्णांना फोन केला. तिकडे पहाट, ते उठलेलेच असतात. विचारलं, "खरं सांगा, कधी पडलात का?"

त्यांनी आधी इथे बर्फ किती पडला ते विचारलं. मग म्हणाले, "दिवाळीत एकदा. तू उगाच ओरडशील म्हणून नाही सांगितलं."

तुमच्या घरचे सांगतात का हो?