उठलेली शिवण

रघबीरच्या उजव्या अंगठ्याला नख असं उरलंच नव्हतं. मेण लावलेला दोरा बत्तीस वर्षं त्याच जागेवरून ओढून तिथे काळाकुट्ट घट्टा पडला होता. मेरठच्या त्या कारखान्यात त्याच्यासारखे चाळीस जण ओळीने बसत. दोन गुडघ्यांत लाकडी शिकंजा, शिकंज्यात क्रिकेटचा चेंडू, एका हातात आरी. चेंडूला सहा ओळी, एकेका ओळीत ऐंशी टाके. चार चेंडू झाले की मान अवघडून जायची आणि दिवस मावळायचा. मॅच असली की सगळा देश कामधंदा सोडून रेडिओला चिकटतो, पण चेंडू कोण शिवतं हे कुणाच्या गावीही नसतं.

रघबीरचे आजोबा छावणीतल्या गोऱ्या पलटणीची खोगिरं शिवायचे आणि साहेबांचे उसवलेले चेंडू दुरुस्त करून द्यायचे. साहेबांचं बघून शहरातल्या वकिलांची, जमीनदारांची पोरंही खेळायला लागली. चेंडू दोरीबाहेर आला तर आजोबांनी तो हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवून मागे सरकायचं. मग पंडितजींचे चिरंजीव तोच चेंडू उचलून त्याला थुंकी लावायचे आणि मांडीवर घासायचे. मेलेल्या गाईचं कातडं चालायचं, चामड्याचं काम करणाऱ्या जाटवाच्या हातची शिवण चालायची, तिला स्वतःची थुंकी लावलेलीही चालायची. शिवणारा तेवढा चालायचा नाही. रघबीर हे हसत हसत सांगायचा, पण ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

त्याचा मुलगा सतेंदर सहा फूट उंच निघाला. कातडं कमावण्याच्या कुंडांपलीकडे जी पडीक जमीन होती, तिथे विटांच्या ढिगाला स्टंप मानून तो बॉलिंग शिकला. वेग असा की वस्तीतली पोरं त्याच्यासमोर बॅट धरायला तयार नसत. कॉलेजात एका मास्तरांनी त्याला हेरलं आणि विसाव्या वर्षी तो जिल्ह्याच्या संघात गेला. वस्तीतला पहिलाच. रघबीरने घरोघर रेवडी वाटली आणि बायकोला, बिरमोला, सांगून टाकलं, "हा शिकंज्यावर बसणार नाही. प्रांताकडून खेळला की रेल्वे नोकरी देते. हा इथून बाहेर पडणार म्हणजे पडणार."

पण पहिल्या दोन मॅचमध्ये सतेंदरला एकही विकेट मिळाली नाही. पुढच्या मॅचला त्याला वगळणार अशी कुजबुज कारखान्यापर्यंत आली. मुकादम दयाराम जाता जाता टोमणा मारून गेला, "रघबीर, पोरगा पळतो छान हां तुझा. घोडदौडीत घाल त्याला."

त्या आठवड्यात जिल्ह्याच्या मॅचसाठी सहा चेंडूंची पेटी शिवायची होती आणि ते काम जुन्या हाताकडे, म्हणजे रघबीरकडेच यायचं. बाहेरच्या ओळींना त्याने एक पदर जास्त असलेला दोरा घातला. शेवटी शिवण बसवायला चेंडू साच्यात दाबतात, तेव्हा त्याने साचा पुरता आवळलाच नाही. माप घ्यायच्या कडीतून चेंडू जेमतेम पार झाले. शिवण मात्र अशी उठलेली राहिली, की टप्पा तिच्यावर पडला तर चेंडू कुठे जाईल ते बॉलिंग करणाऱ्यालाही सांगता येऊ नये. समोरच्या संघालाही त्याच पेटीतले चेंडू मिळणार हे त्याला कळत होतं. पण सतेंदरचा वेग त्यांच्यात कुणाकडे होता?

सतेंदरने सात गडी बाद केले. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात चार ओळींत त्याचं नाव आलं आणि आठवड्याभरात प्रांताच्या निवड चाचणीचं पत्रही आलं. पोरगा ते पत्र खिशात घालून हिंडायचा, जेवताना काढून बापाला वाचून दाखवायचा. "बापू, चेंडू कसा आत येत होता माहितीये? माझं मलाच खरं वाटेना." रघबीर भाकरी मोडत म्हणायचा, "मेहनत केलीस, फळ मिळालं." चाचणीच्या आधी एक मॅच उरली होती, मुझफ्फरनगरशी. तिची पेटीही रघबीरने तशीच शिवली.

त्या दिवशी तो सुट्टी काढून दोरीशी बसला होता. चौथी ओव्हर चालू होती. समोर विभोर रस्तोगी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा खेळत होता, डोक्यावर फक्त कापडी टोपी. जिल्ह्याच्या मॅचला तेव्हा हेल्मेट कोण घालायचं? सतेंदरचा तो चेंडू जिथे पडला तिथून फार तर कमरेएवढा उठायला हवा होता. विभोर पाय पुढे टाकून वाकला आणि चेंडू उसळून थेट त्याच्या कानशिलावर आदळला. टप्पा शिवणीवर पडला होता. एवढ्या लांबून ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं, रघबीरला दिसलं. मुलगा गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर कलंडला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. तेराव्याला सतेंदरने हट्ट धरला, की मला त्यांच्या घरी जायचंय. रघबीर त्याच्यासोबत गेला. विभोरचे वडील, कापडाचे व्यापारी लालाजी, पांढऱ्या चादरीवर बसले होते. सतेंदरने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. लालाजींनी त्याला दोन्ही हातांनी उठवलं.

"बेटा, तू काय मुद्दाम केलंस? खेळात होतं असं. विभोर वाचला असता ना, तर त्यानेच तुझी बॉलिंग वाखाणली असती. खेळ सोडू नकोस हां. तुला माझी शपथ आहे."

मग त्यांनी रघबीरला जवळ बसवून घेतलं. घरातल्या बाईने सगळ्यांना दिलं तशाच स्टीलच्या पेल्यात त्यालाही पाणी दिलं. सांगावं, इथल्या इथे सांगून मोकळं व्हावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. "पाणी घ्या, भाईसाहेब," लालाजी म्हणाले. रघबीर पाणी प्यायला आणि पोराला घेऊन परत आला.

त्यानंतर सतेंदर अंगणातल्या खाटेवरून उठेना. जेवण समोर ठेवलं तर दोन घास खायचा आणि हात धुवायचा. "बापू, पडण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं होतं," एवढंच अधूनमधून म्हणायचा. चाचणीला आठ दिवस राहिले, मग चार, मग एक. बिरमो नवऱ्यावर कातावली. "असे बसून काय राहिलात? बाप ना तुम्ही? त्याला समजावा तरी! उद्या गेला नाही तर पुन्हा कोण बोलावणार आहे त्याला?"

रघबीरने रात्रंदिवस तोच विचार केला होता. पोराच्या डोक्यावर जे ओझं आहे ते त्याचं नाहीच. आपण बोललो तर ते उतरेल, तो उद्या गाडीत बसेल. पोराने आपलं तोंड पाहिलं नाही तरी चालेल, पण तो जाईल. असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. भर दुपारी तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.

"सतेंदर, त्या मुलाला तू नाही मारलंस."

"माहितीये. लालाजी पण तेच म्हणाले."

"लालाजींना कुठे काय ठाऊक? मी मारलंय." आणि त्याने सगळं सांगितलं. जास्तीचा पदर, न आवळलेला साचा, कडी, सगळं. काही झाकून ठेवलं नाही.

सतेंदर उठून बसला. त्याने विचारलं, "पेटीतले सगळे तसेच होते?"

"सहाच्या सहा."

"आणि त्याआधीची मॅच? माझ्या सात विकेट?"

इथे रघबीरला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता. पण खरं बोलायला लागलेला माणूस मधेच थांबायचं कसं हे विसरून जातो. "ती पेटीपण मीच शिवली होती," तो म्हणाला.

"मी त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं, बापू. तू तिथेच होतास."

"होतो."

"त्यांच्या घरचं पाणी प्यायलास."

"प्यायलो."

सतेंदरने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्या हातून माणूस गेला, हे मी कसंबसं सहन करत होतो. वाटायचं, निदान बॉलिंग तरी माझी होती."

"तुझीच होती रे. वेग तुझाच होता. नुसत्या चेंडूने सात जण आउट होतात का?" रघबीर गयावया करत राहिला. ते खरंही असेल. पण किती खरं, हे आता बापालाही सांगता आलं नसतं आणि पोराला तर कधीच कळणार नव्हतं.

तो चाचणीला गेला नाही. ते पत्र बिरमोने जपून ठेवायला घेतलं, तर त्याने तिच्या हातातून काढून चुलीत घातलं. चार महिने गावभर भटकला आणि एके सकाळी कारखान्यात येऊन मुकादमासमोर उभा राहिला. दयारामने त्याला बापाच्या शेजारीच बसवलं. सतेंदरने शिकंजा गुडघ्यांत धरला. महिन्याभरात त्याचा हात असा बसला की जुने कारागीर बघत राहिले. ऐंशीच्या ऐंशी टाके सारखे, एकही वाकडा नाही.

फक्त शिवण उठायची नाही. दोरा तो बारीक घ्यायचा, साच्याला अंगाची सगळी ताकद लावायचा आणि वर लाकडी हातोडीने ठोकून ठोकून शिवण पार बसवून टाकायचा. हात फिरवला तरी बोटाला लागू नये इतकी. चेंडू परत यायला लागले. दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं, की हा चेंडू हवेत हलत नाही आणि टप्प्यावरही हलत नाही, भाजीवाल्याकडून संत्री घेतलेली परवडली. दयारामने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. सतेंदर मान खाली घालून ऐकायचा आणि पुढचा चेंडू तसाच शिवायचा.

शेवटी दयाराम रघबीरसमोर येऊन उकिडवा बसला. ह्या खेपेला तो टोमणा मारत नव्हता.

"अरे, एवढा सोन्यासारखा हात आहे पोराचा. थोडी उठू दे म्हणावं शिवण, मापात बसेल एवढीच. नाहीतर मला त्याला गल्लीतल्या पोरांच्या चेंडूंवर बसवावं लागेल. अर्धी मजुरी पडते त्याला. माझं ऐकत नाही. तू बाप आहेस, तू सांग."

शेजारी सतेंदरची आरी थांबली होती. बाप काय म्हणतो याची तो वाट बघत होता.

"त्याला गल्लीतल्या चेंडूंवर बसवा," रघबीर म्हणाला.