चाळलेली माती

धाकट्या बहिणीला आपण किती कमी ओळखत होतो, हे दादाला ती गेल्यावर कळलं. चहात तिला साखर लागत नाही हे ठाऊक होतं. ती दिवसभर नेमकं काय करते, हे त्यानं कधी धड विचारलं नव्हतं.

जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबरोबर मीठ किती वेगानं खाली जातं, याचा ती संगणकावर हिशोब मांडायची. त्यासाठी माती वाळवायची, चाळायची, उभ्या नळीत ठासायची आणि वरून खारं पाणी सोडायची. लहानपणीही ती वाळू चाळूनच खेळायची. दादा तिला चाळणीबाई म्हणे. चाळणीत उरतो तो दगडोबा तू, असं ती उलट ऐकवायची.

दादाची रोपवाटिका एका विहिरीवर जगायची. शेजारच्या कातड्याच्या कारखान्यानं खाऱ्या सांडपाण्याचा खड्डा काढायचं ठरवलं, तेव्हा धास्तावून त्यानं हरकत घेतली. बहिणीनं तिथलीच माती नेऊन हिशोब केला. मीठ विहिरीत पोचायला वीस वर्षं लागतील, म्हणाली. तिच्या शब्दावर दादानं हरकत मागे घेतली.

दुसऱ्याच वर्षी रोपांची पानं कडेनं करपली. विहिरीचं पाणी तोंडात धरवेना.

तिनं कुंपणापाशी निळा रंग ओतला आणि दुसऱ्या दिवशी तिथंच कंबरभर खणवलं. रंग सारखा मुरलाच नव्हता. गांडुळांच्या बिळांतून, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून निळ्या रेघा सरळ तळाला गेल्या होत्या. ती खड्ड्यातच बसून राहिली.

"दादा, ही बिळं मी चाळताना मोडून टाकली रे."

सांडपाण्याचा खड्डा बुजला, पण विहीर सुधारेना. अर्धी रोपवाटिका मोडली. दादा तिला एका शब्दानं बोलला नाही. फक्त चाळणीबाई म्हणायचं त्यानं सोडलं. आपण तिला जपतोय, असं त्याला वाटे. दादा रागावलाय का, असं ती वहिनीला विचारायची, त्याला कधीच नाही.

दर महिन्याला ती दादानं बाटलीत भरून ठेवलेला पाण्याचा नमुना न्यायला येई आणि उभ्या उभ्या निघे. शेवटची आली तेव्हा खारटपणा जरासा उतरलाय म्हणाली. जुनं नाव दादाच्या अगदी ओठांवर आलं. इतक्या दिवसांनी तो टोमणा वाटेल, म्हणून त्यानं ते गिळलं. आठवड्याभरात ती झोपेतच जाईल, हे कुणाच्या मनात होतं?

फाटकाशी ती वळली.

"पुढच्या वेळी बाटली विहिरीच्याच पाण्यानं विसळ. नळाच्या नको."

"बरं."

"आणि बूच घट्ट लाव."

"लावतो," दादा म्हणाला.