टेपताईची सोळा पावलं

तर बटणांचं सांगायचं काल राहूनच गेलं. तुम्ही उठलात, मी चष्मा शोधत बसलो, आणि तो सापडला तेव्हा माझ्याच कपाळावर होता. असो.

ती बटणं टेपताईच्या डाव्या खिशात असतात. टेपताई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जिन्याखालच्या दुकानात कपडे शिवते ती. मोजायची टेप सदा गळ्यात, म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. खरं नाव पाटीवर ठसठशीत लिहिलंय, पण ते वाचतो कोण! दुपारी चार वाजले की ती मशीनवर कापड टाकते, हॉकीची काठी बगलेत मारते आणि शाळेच्या मागच्या अंगणात आठ पोरींना शिकवायला जाते. त्या आठांतली एक माझी नात, मुंगी. मुंगी हे नाव मी ठेवलं. उंची पाहून.

अंगण कसलं, पूर्वी सायकली लावायची जागा. सिमेंटची जमीन, तीन बाजूंना भिंती. त्यात टेपताई खडूने रेघा आखते: सोळा पावलं लांब, दहा रुंद. कोपऱ्यांना शिलाईच्या दोऱ्याचे रिकामे कोन उभे करते. दोन्ही टोकांना दोन-दोन छोटी दारं, तीही कोनांचीच. चार पोरी इकडे, चार तिकडे, गोलकीपर कोणी नाही. अट एकच, चौघींच्याही काठीला चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही.

पहिल्या दिवशी मी हसलो होतो. म्हटलं, "ताई, एवढ्या जागेत तर माझी खाट मावणार नाही."

"खाट कशाला आणता, आजोबा? उभे राहा आणि बघा."

आता बटणं. रोज ती मनातल्या मनात एक पोरगी निवडते. कोणती, ते सांगत नाही. त्या पोरीच्या काठीला चेंडू लागला की एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. पायाला लागला तर बटण नाही, कारण हॉकीत पाय लावणं चूक. खेळ संपला की उजवा खिसा त्या पोरीच्या ओंजळीत रिकामा करते आणि म्हणते, "मोज."

मुंगीची पहिल्या खेपेला नऊ भरली. महिन्याभराने चौपन्न! दोन्ही मुठी तिने घरी येईपर्यंत उघडल्या नाहीत. दरवाजाही कोपराने वाजवला.

त्याआधी ती मोठ्या मैदानावर जायची. तिथे खेळाचे सर, चाळीस पोरं आणि चेंडू एक. मुंगी कोपऱ्यात उभी राहून बुटाची नाडी बांधायची. एका तासात अकरा वेळा. मी मोजलंय. "काय गं, नाडी सुटतेच कशी एवढी?" विचारलं तर म्हणाली, "सुटत नाही आजोबा. मीच सोडते."

टेपताई स्वतः तरुणपणी उजव्या कडेला खेळायची. माझ्या पँटची उंची कमी करताना तिने हे सांगितलं, तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे अर्धं मला समजून घ्यावं लागलं. मोठ्या संघाच्या निवडीचा सामना होता. सत्तर मिनिटं ती कडेने धावली. निवड करणारे गृहस्थ नंतर म्हणाले, "ही? ही मला दिसलीच नाही." घरी येऊन तिने आठवून मोजलं. अख्ख्या सामन्यात चेंडू तिच्याकडे चार वेळा आला होता. पुढच्या आठवड्यात ती मावशीच्या शिलाई मशीनवर बसली, ती बसलीच.

तर मुद्द्यावर येतो. शाळेच्या मोठ्या बाईंकडे काही पालक गेले. म्हणाले, आमच्या पोरी गॅलरीत हॉकी खेळतात, स्पर्धा तर पूर्ण मैदानावर असते. बाई कडक, पण न्यायाच्या. त्या टेपताईला म्हणाल्या, "शनिवारी येऊन बघते. पटलं तर ठीक. नाही पटलं तर पोरी सोमवारपासून सरांकडे जातील आणि या जागेत शिक्षकांच्या गाड्या लागतील."

 त्या आठवड्यात टेपताईने माझ्या सदऱ्याची बाही उलटी शिवली. तिच्या हातून असं कधी होत नाही.

शनिवारी तिला गणवेशांचा गठ्ठा पोचवायचा होता. खडू माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजोबा, रोज बघता. तेवढ्या रेघा आखून ठेवा." मला कोण आनंद! मी गावच्या एकशिक्षकी शाळेत शिकलो, तिथे फळ्यावर रेघ ओढायचा मान माझाच असे. मी कमरेत वाकलो, आणि वाकल्या वाकल्या डोक्यात किडा वळवळला. मोठ्या बाई येणार, आणि हे एवढंसं? जरा ऐसपैस दिसायला नको का? केले कोन मागे. अगदी भिंतीपर्यंत. सव्वीस पावलं! लांबून बघितलं, झकास दिसत होतं.

टेपताई धापा टाकत आली ती बाईंच्या बरोबरच. खेळ लगेच सुरू झाला. आणि काय सांगू, दोन मिनिटांत खेळाचा पार विचका झाला. पोरींमध्ये एक तोफ आहे, दणकट. मोकळी जागा दिसताच तिने लांब फटका हाणला. चेंडू त्या टोकाला, सगळ्या त्याच्यामागे. मग तिकडून फटका, सगळ्या इकडे. माझी मुंगी मधोमध उभी. आणि मग ती खाली वाकली. नाडी सोडायला.

बाईंनी घड्याळ पाहिलं.

टेपताईचा हात डाव्या खिशावर होता, पण हलत नव्हता. तिने खालच्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजोबा, किती पावलं?"

"अं... सव्वीस."

"माझी किती असतात?"

"सोळा."

मला वाटलं, आता चारचौघांत माझी बिनपाण्याने होणार. पण ती बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, फ्रॉक सैल बेतला गेलाय. दोन मिनिटं द्या, आत घेते." आणि फटाफट कोन उचलून आत आणले. मी मागून जुन्या रेघा चपलेने पुसत गेलो. मग तिने खिशातली सगळी बटणं काढून सरळ बाईंच्या हातात दिली. "ती निळ्या फितीची पोरगी. तिच्या काठीला चेंडू लागला की एक बटण या हातातून त्या हातात. पायाला लागला तर नाही."

निळी फीत मुंगीची.

आता लांब फटक्याला वावच नव्हता. चेंडू आला की लगेच कोणी अंगावर, लगेच काय ते ठरवायचं. मुंगीने चेंडू थांबवला, दिला, परत घेतला. डाव्या दारापाशी तिघी गोळा झाल्या, तशी ती जागच्या जागी गर्रकन वळली आणि उजव्या मोकळ्या दारातून चेंडू हळूच सरकवला. समोरच्या बाजूची तोफ ओरडली, "अगं, सांगायचं तरी!" मुंगी म्हणाली, "सांगितलं असतं तर तू आडवी आली असतीस!"

मोठ्या बाईंचे ओठ हलत होते. एकतीस, बत्तीस... थोड्या वेळाने त्यांनी खेळावरची नजर न काढता हात पुढे केला. "संपली. आणखी आहेत का?"

"दुकानात आहेत," टेपताई म्हणाली.

"पण मोठ्या मैदानावर या बावरणार नाहीत?"

"बाई, तिथेही एका वेळी चेंडूपाशी चौघी-पाचजणीच असतात. बाकीच्या लांब. मी तेवढाच तुकडा कापून आणलाय. तो नीट बसला की पुढच्या महिन्यापासून जरा मोठा बेतीन."

बाईंनी ते अंगण एकदा नजरेखालून घातलं. "गाड्या बाहेरच राहू देत," म्हणाल्या आणि बटणं परत द्यायला थांबल्या. दोन खाली सांडली होती, तीही वाकून उचलली.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. टेपताई माझी ती उलटी बाही उसवत बसली होती. मी म्हटलं, "ताई, आज माझ्या शहाणपणापायी तुमचं अंगण जात होतं. चुकलो." ती उसवतच राहिली. मग मला राहवलं नाही, विचारलं, "ते तुमचे त्या सामन्यातले चार वेळा... अजून आठवतात का हो?"

तिने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "चार नव्हे आजोबा, तीन. एकदा पायाला लागला होता, तो मी धरत नाही. आणि सोमवारी रेघा मी आखणार, तुम्ही फक्त खडू धरा."