मोघे काकांनी केलेलं बाळंतपण

मोघे काका बिल्डिंगमधल्या सगळ्या माणसांना अरे-तुरे करायचे आणि मांजरीला अहो-जाहो. "अहो बाई, आपण आत येणार आहात, की मी दार लावून घेऊ?" हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, त्यांच्याकडे कोणी पाहुणी आली आहे. मी आमच्या दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यात एक करडी मांजर बसली होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. बनियन आणि लेंग्यातले काका दार धरून उभे होते, तिच्या निर्णयाची वाट पाहत.

बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. मी घरून काम करते आणि माणसांशी बोलायचा प्रसंग शक्यतो टाळते. काका खडकीला एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगी अपर्णा कोथरूडला असते, एवढंच मला माहीत होतं. मी इंग्रजी शाळेतली म्हणून मला ते 'कॉन्व्हेंट' म्हणायचे. जिन्यात गाठ पडली की विचारायचे, "काय कॉन्व्हेंट, एकोणसत्तर म्हणजे किती?" मी मनातल्या मनात हिशोब करेपर्यंत ते एक मजला उतरलेले असायचे.

मांजर आल्यावर मात्र त्यांनीच आमची बेल वाजवली. "तुझ्या फोनला मांजरीच्या बाळंतपणातलं काही कळतं का? मला माणसांचं येतं. मांजरीचं नाही."

मी त्यांच्या घरात गेले ती तशी. एका खोलीत त्यांनी पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवलं होतं. मी फोनवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे आणि शब्दांपाशी अडायचे. "पिल्लानंतर ते एक बाहेर येतं ना, ते प्रत्येक वेळी आलं की नाही बघायचं."

"ते म्हणजे वार," काका म्हणाले. "पुढे वाच."

मांजरीला नाव ठेवू या, असं मी एकदा सुचवलं. "कशाला? रेशन कार्डावर चढवायचीय?" मग अहो-जाहो का करता, असं विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांना ओळखतो, म्हणून अरे-तुरे. हिची अजून ओळख व्हायचीय."

त्यांच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. मांजरीसाठी त्यांनी वेगळं पातेलं आणलं आणि नाकाला पंचा बांधून ते अंडी उकडायला लागले. "पथ्य बाळंतिणीचं बघायचं. करणाऱ्याचं नाही." सोसायटीचे सेक्रेटरी एकदा दारात येऊन म्हणाले, "काका, अशाने बिल्डिंगमध्ये मांजरं वाढतील हो." काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "माणसं वाढली तेव्हा तू कोणाला विचारलं होतंस?" सेक्रेटरींची तीन मुलं तेव्हा खाली सायकली चालवत होती.

खोक्यात काय घालायचं हा प्रश्न आला तेव्हा मी जुने टॉवेल आणते म्हणाले. काका आत गेले. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. ते दुपटी घेऊन आले. जुन्या सुती साड्यांची, मऊ पडलेली, एक जांभळ्या काठाचं, एक हिरव्या ठिपक्यांचं. टाके मात्र लांबलांब आणि जाड दोऱ्याचे होते, पोतं शिवल्यासारखे. दुपट्यांना डांबर गोळ्यांचा वास येत होता, म्हणून त्यांनी ती दोन दिवस उन्हात घातली. इतकी जुनी दुपटी, पण एकही वापरलेलं दिसत नव्हतं. मी विचारलं नाही. न विचारणं मला चांगलं जमतं.

एका रविवारी सकाळपासून मांजरीने खाणं सोडलं. ती खोक्यात शिरायची, दुपटी उकरायची, बाहेर यायची, काकांच्या पायांना अंग घासून पुन्हा आत जायची. "येतो, येतो," काका म्हणत आणि खोक्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसत. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी उठले नाहीत. दुपारी पहिलं पिल्लू आलं, करडं. मांजरीने ते चाटून मोकळं केलं. दुसरंही सुखरूप आलं. काका तिला हात लावत नव्हते, नुसते बोलत होते. "झालं हं. छान करताय तुम्ही. घाई नाही कसली."

तिसऱ्याला वेळ लागला. ती कळा देत राहिली आणि काहीच होईना. मी फोनवरच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, घेऊन या. मी टोपली आणायला उठले, तेवढ्यात पिल्लू बाहेर आलं, पांढरं आणि अगदी ढिलं. मांजर थकून पडली होती. काकांनी त्याच्या तोंडावरचा पडदा काढला, पंच्याने त्याची पाठ चोळली, किती तरी वेळ चोळत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "काका, बास."

त्यांनी ते पिल्लू मांजरीजवळ ठेवलं. मी म्हटलं, काढून नेऊ या का, तिला त्रास होईल. "राहू दे. तिला कळू दे. कोणी काही न सांगता उचलून नेलं की माणूस जन्मभर शोधत बसतो."

मांजर त्या पांढऱ्या पिल्लाला चाटत होती. काका तिच्याकडे बघतच बोलायला लागले. "अपर्णाचं पहिलं बाळंतपण मी करणार होतो. तिची आई आदल्या वर्षी गेलेली. म्हटलं, आई नाही म्हणून पोरीने माहेर सोडायचं का? शेजारच्या आजींकडून सगळं शिकलो. शेक, धुरी, डिंकाचे लाडू. दोनदा बिघडले, तिसऱ्यांदा जमले. तिच्या आईच्या साड्यांची दुपटी शिवली. मग माझी बहीण आली. म्हणाली, पुरुषाने कधी बाळंतपण केलंय का? लोक हसतील, पोरीला अवघडल्यासारखं होईल. आणि मी ऐकलं तिचं."

"मग?"

"मग फोन केला. म्हटलं, आत्याकडे जा, तिथे सोय बरी होईल. ती बरं म्हणाली. तिला वाटलं असणार, बापाला नको झालंय. तेव्हापासून येते ती पाहुण्यासारखी. खुर्चीच्या टोकावर बसून चहा पिते आणि जाते."

"तुम्ही तिला सांगितलं नाहीत, की सगळी तयारी केली होती?"

"सांगून काय? झालेलं बाळंतपण परत होतं का?"

संध्याकाळी आम्ही पांढरं पिल्लू खाली मागच्या बाजूला, कढीपत्त्याच्या झाडाशी पुरलं. काका त्या रात्री जेवले नाहीत, असं दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या झाकलेल्या भातावरून मला कळलं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात. काकांनी सगळ्या कपाटांची दारं उघडी ठेवली, खालचे कप्पे रिकामे केले, स्वतःचे कपडे खुर्चीवर रचले. "फिरू दे. सातही घरं इथेच आहेत. बाहेर जायची वेळ नको यायला तिच्यावर." आणि खरोखरच ती त्या दोन खोल्यांतच फिरली. पिल्लं मोठी झाली, चांगल्या घरी गेली. मांजरीचं ऑपरेशन करून आणलं, आणि ती तिथेच राहिली.

थंडीत काका गेले. सकाळी दूध आत घेतलं गेलं नाही आणि मांजर दारामागून ओरडत होती, त्यावरून मला कळलं. आमच्याकडे असलेल्या किल्लीने माझ्या बाबांनी दार उघडलं. काका झोपेतच गेले होते.

काही दिवसांनी अपर्णाताई घर आवरायला आल्या. मी चहा घेऊन गेले. त्या खोक्यापुढे उभ्या होत्या. मांजर त्यात वेटोळं करून बसली होती. "ही आईची साडी आहे," जांभळ्या काठाकडे बोट करत त्या म्हणाल्या. "बाबांनी मांजरीसाठी फाडली?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. नुसता दमलेला होता.

मला कप ठेवून परत जाता आलं असतं. एरवी मी तेच केलं असतं.

"मांजरीसाठी नाही शिवलेली ती," मी म्हणाले. "तुमच्या बाळासाठी शिवली होती. तुम्ही इकडे याल म्हणून." मग शेक, धुरी, दोनदा बिघडलेले लाडू, बहिणीचं बोलणं, सगळं सांगितलं. मी सलग एवढं मराठी कोणाशी बोलले नव्हते.

अपर्णाताई खोक्यावर वाकल्या. टाक्यांवरून बोट फिरवत होत्या. चहावर साय धरली.

"मांजरीचं जमलं का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"जमलं," मी म्हणाले. "एक पिल्लू गेलं. पण त्यांनी काही कमी केलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग पदर खोचून त्या फरशीवर, काका बसायचे तिथेच बसल्या. दुपट्याचं टोक मांजरीखाली अडकलं होतं. त्यांनी ते ओढलं नाही. काका मांजरीशी कसं बोलायचे, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"अहो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "जरा सरकता का?"